श्रीनिवास रामानुजन यांचे आजारपण

थोर व्यक्तीच्या चरित्रात जन्म, शिक्षण आणि कर्तृत्व यांना स्वतंत्र प्रकरणे मिळतात. आजाराच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो आणि मृत्यूच्या कारणाला बहुधा एकच वाक्य पुरते. हे वाक्य एका चरित्रातून दुसऱ्या चरित्रात निमूटपणे उतरत जाते. पुढे त्याला प्रतिष्ठा लाभते आणि ते कोणी पारखून घेत नाही. गणिती श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांच्या बाबतीत ते वाक्य असे आहे : ते विलायतेस गेले, तेथील थंडीने व अपुऱ्या आहाराने त्यांना क्षय जडला, आणि मायदेशी परतून वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले. या वाक्याचा आरंभ आणि शेवट खरा आहे. मधल्या भागाविषयी मात्र गेल्या काही दशकांत गंभीर शंका उपस्थित झाली आहे. त्या शंकेच्या प्रकाशात हे जीवन पुन्हा एकदा वाचावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय चेन्नईच्या परिसराशी एका विशेष नात्याने बांधलेला आहे. शहराच्या दक्षिणेस तांबरमकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेवर क्रोमपेट सोडले की ‘तांबरम सॅनेटोरियम’ नावाचे स्थानक लागते. एका रुग्णालयामुळे वस्तीला आणि वस्तीमुळे स्थानकाला मिळालेले हे नाव आहे. ते क्षयरुग्णालय १९२८ साली डॉ. डेव्हिड चौरी मुत्तू यांनी अवघ्या बारा खाटांनिशी सुरू केले. १९३७ मध्ये ते मद्रास सरकारने आपल्याकडे घेतले आणि आज ते शासकीय वक्षरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्यापूर्वी हेच डॉ. मुत्तू इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील मेंडिप टेकड्यांवर असेच एक आरोग्यधाम चालवीत होते आणि १९१७ साली त्यांच्या तेथील रुग्णांत रामानुजन हे एक होते. म्हणजे तांबरमच्या माळावर पुढे जी उपचारपद्धती रुजली, तिचा अनुभव रामानुजन यांनी आधी परदेशात घेतला होता.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. बालपण कुंभकोणम येथे गेले. वडील श्रीनिवास अय्यंगार कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणे आणि घरावर तिचाच अंमल चाले. पुत्र दोन वर्षांचा होतो न होतो तोच, १८८९ च्या डिसेंबरात, त्याला देवी आल्या. त्या वर्षी तंजावर जिल्ह्यात या रोगाने हजारो माणसे दगावली होती. मूल वाचले, तोंडावर व्रण तेवढे राहिले. त्याच्या पाठीवर झालेली तीन भावंडे मात्र, प्रत्येक वेळी निराळ्या वर्षी, तान्हेपणीच गेली. जगलेला पुढचा भाऊ जन्मला तेव्हा रामानुजन दहा वर्षांचे होते. त्या काळच्या घरांत पाळण्याचे रिकामे होणे ही असामान्य घटना नव्हती. कोमलताम्माळ यांच्या थोरल्या मुलावरील निस्सीम आणि काहीशा हुकमी प्रेमाचा उगम मात्र येथे शोधावा लागतो.

तुलनात्मक अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे असे एक भाषिक साम्य आहे. मराठीत या रोगाला ‘देवी’ म्हणतात, तर तमिळमध्ये ‘अम्मै’. त्या शब्दाचा माता असाही अर्थ होतो. दोन्ही भाषांनी रोगाला स्त्रीरूप दैवताचे नाव दिले, रुग्णाला त्या दैवताचे अधिष्ठान मानले आणि त्याच्या खोलीभोवती कडूनिंबाची, शांततेची व वेगळेपणाची मर्यादा आखली. रोगाचे कारण असलेला विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्याजोगा नव्हता. पण तो जवळच्या श्वासातून, खपल्यांतून आणि कपड्यांतून पसरतो हे व्यवहाराने जाणलेले होते. गायीच्या देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातील ही पहिली टोचणी होय. तरीही तिच्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी कुंभकोणममध्ये या रोगाचे थैमान चालले होते. उपाय ठाऊक असणे आणि तो घरापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, याचा हा पहिला दाखला. या जीवनात तसा दुसरा दाखला पुढे यावयाचा आहे.

शाळेत रामानुजन हुशार म्हणून गाजले. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाने संकलित केलेला गणितातील सिद्धान्तांचा एक संग्रह त्यांच्या हाती पडला आणि इतर विषयांतून त्यांचे मन उडाले. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. १९०६ मध्ये त्यांनी मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात नाव घातले. तेथे शिकत असताना त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला आणि काही महिन्यांसाठी ते गावी परतले. एफ. ए. च्या परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. चरित्रकारांनी परीक्षेतील अपयशाला मोठे स्थान दिले आहे. आमांशाची नोंद जाता जाता केलेली असते. वस्तुतः दोहोंपैकी अधिक दूरगामी घटना कोणती, हा प्रश्न आज विचारावा लागतो.

आमांश अनेक कारणांनी होतो. त्यांपैकी एक कारण म्हणजे आतड्यात वस्ती करणारा एक अमीबा. हा जीवाणू नव्हे. जीवाणूपेक्षा पुष्कळ मोठा, पण एकाच पेशीचा बनलेला आदिजीव. १८७५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे लॉश या वैद्याने एका रुग्णाच्या मळात तो प्रथम वर्णिला. १८९० मध्ये ऑस्लर यांनी बाल्टिमोर येथे यकृतातील गळूच्या पुवात तो दाखवून दिला. त्याची दोन रूपे असतात. आतड्याच्या भिंतीत शिरणारे, हालचाल करणारे रूप शरीराबाहेर फार काळ तगत नाही. दुसरे रूप म्हणजे कठीण आवरणाचा कोष. तो मळावाटे बाहेर पडतो आणि ओल्या मातीत वा पाण्यात दिवसचे दिवस टिकून राहतो. पुढे दूषित पाणी, न शिजवलेली भाजी, न धुतलेले हात किंवा माश्या यांच्याद्वारे तो दुसऱ्याच्या पोटात पोहोचतो. कोष गिळलेल्या पुष्कळांना काहीच होत नाही; तेही नकळत इतरांपर्यंत रोग पोहोचवितात. पाणी उकळले की कोष मरतो; पाणी नुसते नितळ दिसल्याने मरत नाही.

ही शेवटची गोष्ट रामानुजन यांच्या संस्कृतीच्या संदर्भात महत्त्वाची आहे. ते कडक आचाराच्या वैष्णव घरात वाढले. मराठी घरांतील सोवळे आणि तमिळ ब्राह्मणी घरांतील ‘मडी’ या जवळजवळ समांतर संस्था आहेत : धूतवस्त्र, स्नान, परक्याच्या हातचे अन्न वर्ज्य. या आचारांत शरीराच्या स्वच्छतेचा अंश होता, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांची मुख्य दृष्टी माणसांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची होती. सूक्ष्मजीव मात्र जात पाहत नाही. ज्या विहिरीचे वा तळ्याचे पाणी आचाराने शुद्ध ठरलेले असे, त्याच्या काठच्या जमिनीत काय मुरत आहे याचा विचार त्या आचारात नव्हता. वसाहतकालीन मद्रासच्या नगररचनेतही तो पुरेसा नव्हता. दारिद्र्यात, नातलग-मित्रांच्या खोल्यांत आणि खानावळींत दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला तर निवडीचा अधिकारच नव्हता.

१४ जुलै १९०९ रोजी दहा वर्षांच्या जानकीशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षाच्या आरंभी अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करावी लागली. घरात पैसा नव्हता. एका डॉक्टरने ती विनामूल्य केली. कुंभकोणमचा परिसर हत्तीरोगासाठी पूर्वीपासून ओळखला जाई. डासांच्या दंशाने शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमीमुळे होणाऱ्या त्या रोगात अंडवृद्धी नेहमी आढळते. या रुग्णाच्या बाबतीत ते कारण होते असे म्हणण्यास पुरावा नाही. ज्या भूप्रदेशात हे शरीर घडले त्याची कल्पना मात्र यावरून येते. यानंतर पुन्हा एकदा ते आजारी पडले. तेव्हा त्यांनी आपल्या गणिताच्या वह्या एका मित्राच्या स्वाधीन केल्या आणि आपले काही बरेवाईट झाल्यास त्या कोणाकडे द्याव्यात हेही सांगून ठेवले. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी स्वतःच्या मृत्यूनंतरची व्यवस्था लावणारा हा तरुण पुढे इंग्लंडमध्ये प्रथमच खालावला, असे म्हणणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

यानंतरची कथा सर्वपरिचित आहे. रामचंद्र राव यांचा मासिक पंचवीस रुपयांचा आधार, १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची कारकुनी, जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिलेले पत्र, आणि १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ या आगबोटीने प्रयाण. याच बोटीवर क्षयतज्ज्ञ डॉ. मुत्तू हे सहप्रवासी होते. साडेतीन वर्षांनंतर वैद्य आणि रुग्ण या नात्याने आपली पुन्हा गाठ पडणार आहे, हे दोघांपैकी कोणास ठाऊक असणार?

केंब्रिजमधील पहिली तीन वर्षे फळाला आली. १९१५ मध्ये अतिविभाज्य संख्यांवरील दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे पदवी मिळाली. परंतु १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले होते. भाजीपाला, फळे, दूध यांची टंचाई झाली. रामानुजन शाकाहारी, ते आपल्या खोलीत स्वतः रांधीत. कामाची तंद्री लागली की जेवणाचे भान राहत नसे. एकेकदा तीस तीस तास सलग काम आणि मग दीर्घ झोप असे चाले. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा केंब्रिजमध्येच होते. रामानुजन थंडीने कुडकुडत, अंगावर ओव्हरकोट व शाल घेऊन निजतात, हे त्यांच्या ध्यानात आले. चौकशी करता कळले की ब्लँकेटे गादीखाली खोचून ठेवलेली असतात आणि त्यांच्या आत शिरून निजावयाचे असते, हे रामानुजन यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. महालनोबिस यांनी ते करून दाखविले. ही हकिकत विनोद म्हणून सांगितली जाते. परक्या देशात एकटे राहणाऱ्या माणसाचे अज्ञान किती साध्या गोष्टींचे असते, हे ती सांगते.

१९१७ च्या वसंतात ते कोसळले. रात्री चढणारा आणि दिवसा उतरणारा ज्वर, पोटातील वेदना, झपाट्याने घटणारे वजन अशी लक्षणे होती. आधी जठरातील व्रणाचे निदान झाले. नंतर पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या अनुषंगाने कर्करोगाची शंका घेतली गेली. पुढे रक्तदोषाचाही विचार झाला. अखेर क्षय हेच निदान स्थिरावले. केंब्रिजमधील शुश्रूषागृह, मेंडिप टेकड्यांवरील डॉ. मुत्तू यांचे आरोग्यधाम, डर्बीशायरमधील मॅटलॉक, लंडन, पटनी असा सुमारे दोन वर्षांचा प्रवास या निदानाच्या छत्राखाली झाला. टॅक्सीच्या १७२९ या क्रमांकाची प्रसिद्ध कथा पटनीच्या रुग्णशय्येजवळ घडली, हे ती सांगणाऱ्यांच्या नेहमी लक्षात राहत नाही. १९१८ च्या मे महिन्यात ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रिनिटी महाविद्यालयाचे अधिछात्र. दोन्ही सन्मान रुग्णाला मिळाले.

आरोग्यधामांची उपचारपद्धती समजून घेतल्याखेरीज या दोन वर्षांचे स्वरूप कळणार नाही. क्षयाचा जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला होता. हा जीवाणू मेणचट आवरणाचा आणि अतिशय मंदगती. इतर अनेक जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुणावतात. याला एका विभाजनास जवळजवळ एक दिवस लागतो, आणि म्हणून प्रयोगशाळेत त्याची वाढ दिसण्यास कित्येक आठवडे जावे लागतात. फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा उडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांतून तो हवेत तरंगत राहतो आणि कोंदट खोलीत दुसऱ्याच्या फुप्फुसात खोलवर पोहोचतो. शत्रू दिसला होता. पण त्याला मारणारे औषध हाती नव्हते. म्हणून मोकळी हवा, सूर्यप्रकाश, विश्रांती आणि भरपूर आहार यांनी शरीराचे बळ वाढवावे, जीवाणूचा पाडाव शरीरानेच करावा, असा विचार पुढे आला. बीजापेक्षा जमिनीकडे पाहणारा हा विचार होता आणि डॉ. मुत्तू त्याचे आग्रही पुरस्कर्ते होते. मोकळ्या हवेने संसर्गाची शक्यताही घटते, हे या पद्धतीचे खरे बलस्थान. परंतु हिवाळ्यात उघड्या खिडक्यांच्या खोलीत, परक्या चवीच्या आहारावर, गणितासाठी बोटेही वळेनात अशा गारठ्यात दक्षिणेतील माणसाने राहावयाचे म्हणजे काय, हे सांगावयास नको. रामानुजन वैद्यांशी आणि स्वयंपाक्यांशी भांडत, पथ्य मोडीत. अवघड रुग्ण अशी त्यांची ख्याती झाली.

१९९४ साली डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध वैद्यकीय नोंदींची छाननी करून असा निष्कर्ष काढला की ही लक्षणे क्षयापेक्षा यकृताच्या अमीबाजन्य विकाराशी अधिक जुळतात. भारत सोडण्यापूर्वी आमांशाचे दोन आघात झालेले होते. ज्वर येऊन जाऊन असे. मध्ये बरे वाटे आणि पुन्हा उलटे. नीट उपचार न झालेला आमांश आतड्यात वर्षानुवर्षे दबा धरून राहू शकतो. तेथून अमीबा रक्तावाटे यकृतात जातो आणि हळूहळू गळू तयार होते. त्या वेळी आमांशाची लक्षणे नसतातच असेही होते. त्यामुळे वैद्याचे लक्ष तिकडे जात नाही. शवचिकित्सा झालेली नसल्याने हा निष्कर्ष अनुमानाच्या पायरीवर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु क्षयाचे जुने निदानही अनुमानच होते. फरक इतकाच की त्याला दीर्घ पुनरुक्तीचे पाठबळ मिळाले.

या अनुमानातील वेदना पुढील गोष्टीत आहे. अमीबाजन्य विकारावर औषध होते. इपिकाक या वनस्पतीच्या मुळापासून मिळणारे एमेटिन टोचून तो बरा करता येतो, हे लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात दाखविले होते. रामानुजन तेव्हा मद्रासच्या बंदरात हिशेब लिहीत होते. महायुद्धात पूर्वेकडील रणभूमींवर हा रोग जडलेले ब्रिटिश सैनिक रामानुजन इंग्लंडमध्ये अंथरुणाला खिळले होते त्याच सुमारास बरे होत होते. म्हणजे औषध होते, त्याच देशात त्याचा अनुभव असलेले वैद्य होते. नव्हते ते योग्य नाव. चुकीच्या नावाखाली रुग्ण चुकीच्या टेकडीवर जात राहिला.

मराठी वाचकाला येथे आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रामानुजन ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाईंचा क्षयाने अंत झाला. वय अवघे एकवीस. त्याही समुद्र ओलांडून गेल्या, फिलाडेल्फियात मार्च १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली आणि मुंबईच्या बंदरात रुग्ण म्हणून उतरल्या. दोन्ही जीवनांची बाह्य रेषा एकच दिसते. पण अंतरंग उलट आहे. कॉख यांचा शोध आनंदीबाई प्रयाण करण्याच्या एक वर्ष आधीचा. आपल्या रोगाला कारण होणारा जीवाणू सापडला आहे अशा काळात त्या वैद्यक शिकल्या. पण त्यावर औषध निघण्यास आणखी साठ वर्षे लागणार होती. आनंदीबाईंच्या रोगाचे नाव ठाऊक होते, औषध नव्हते. यंग यांचे अनुमान खरे धरल्यास, रामानुजन यांच्या रोगाचे औषध होते, नाव ठाऊक झाले नाही. दोघांना एकाच ‘अकाली निधन’ या शब्दाखाली आणणारा चरित्रकार ही तफावत पुसून टाकतो.

फेब्रुवारी १९१९ च्या अखेरीस रामानुजन इंग्लंडहून निघाले आणि मार्चमध्ये मुंबईस उतरले. आई आणि धाकटा भाऊ घेण्यास आले होते. पत्नी आली नव्हती. सासू-सुनेतील बेबनाव एवढ्या थराला गेला होता की जानकीची पत्रे पतीपर्यंत पोहोचत नसत. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये याच मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाची साथ देशात शिरली होती आणि वर्ष संपण्यापूर्वी तिने अगणित घरे उजाड केली होती. समुद्रमार्ग ज्ञान आणतात तसे रोगही आणतात. या देशाने दोन्हींचा अनुभव एकाच धक्क्यावर घेतला. मद्रास, मग कावेरीकाठचे कोडुमुडी, मग कुंभकोणम, आणि जानेवारी १९२० मध्ये पुन्हा मद्रास असा शेवटचा प्रवास झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातील क्षयतज्ज्ञ प्रा. चंद्रशेखर अय्यर यांनी उपचार केले. त्यांनीही क्षयच मानला. या अखेरच्या वर्षात शुश्रूषा केली ती आता विशीत आलेल्या जानकीने.

२६ एप्रिल १९२० रोजी चेटपेट भागातील एका घरात रामानुजन यांचा देहान्त झाला. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या अंत्यसंस्काराला पुष्कळ नातलग आले नाहीत. जानकी अम्माळ शिवणकाम करून ट्रिप्लिकेनमध्ये राहिल्या आणि १९९४ मध्ये, यंग यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वारल्या. क्षयी समजल्या गेलेल्या पतीच्या उशाशी वर्षभर बसूनही त्यांना तो रोग झाला नाही. यावरून काही सिद्ध होत नाही. क्षयाचा जीवाणू शरीरात शिरलेल्या दहा माणसांपैकी फार तर एखाद्याला आयुष्यात केव्हातरी रोग होतो. उरलेल्यांत तो कोंडलेला राहतो. तरीही मद्रासमधील या दीर्घायुषी विधवेचे जीवन त्या निदानाकडे मूकपणे बोट दाखवीत राहिले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

मग क्षयाचीच कथा इतकी का टिकली? याचे उत्तर वैद्यकात नसून साहित्यात आहे. क्षय हा युरोपीय कल्पनेत प्रतिभावंतांचा रोग ठरलेला होता. कीट्सपासून टोमास मान यांच्या कादंबरीपर्यंत त्याभोवती एक तेजोवलय जमले. आपल्याकडेही राजयक्ष्म्याची कथा चंद्राशी जोडलेली आहे : रोहिणीवरील अतिप्रीतीमुळे दक्षाचा शाप होऊन तो क्षीण होत गेला. झिजत जाणारे तेजस्वी शरीर ही प्रतिमा दोन्ही परंपरांना प्रिय आहे. उलटपक्षी आमांशाला कवी नाही. आतडे, मळ, दूषित पाणी या गोष्टी प्रतिभेच्या कथेत बसत नाहीत. त्यातच आणखी दोन आग्रह मिसळले. सनातन मनाला समुद्रोल्लंघनाचे फळ दाखवावयाचे होते. राष्ट्रीय मनाला परक्या देशाने आपल्या पुत्राचा घेतलेला बळी. इंग्लंडची थंडी या दोन्ही मनांना सोयीची होती. रोगाचे बीज मद्रासच्याच एखाद्या घागरीतून आले असावे, ही शक्यता दोघांनाही गैरसोयीची. इंग्लंडमधील युद्धकालीन आहाराने व एकाकीपणाने शरीराचे बळ खचले, हे खरेच आहे. परंतु खचणे आणि रोग जडणे या दोन भिन्न गोष्टी होत.

चेटपेटचे नाव क्षयाच्या इतिहासात पुन्हा एकदा येते. १९५६ मध्ये तेथे क्षयावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. १९४४ पासून स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ पासून आयसोनियाझिड ही औषधे आली होती. पण खाटा अत्यल्प व रुग्ण अगणित होते. मद्रासच्या दाट वस्तीतील गरीब रुग्णांचे दोन गट करून एकास आरोग्यधामात आणि दुसऱ्यास घरीच, एकसारखी औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच होता. घरच्या माणसांना घरी राहिलेल्या रुग्णांकडून अधिक संसर्ग होत नाही, हेही पुढील वर्षांच्या पाहणीत दिसून आले. कारण औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता लवकर ओसरते, आणि जो संसर्ग व्हावयाचा तो बहुधा निदानापूर्वीच झालेला असतो. यानंतर जगभर आरोग्यधामांचा काळ संपला. रुग्णाला घरापासून तोडणे आवश्यक नाही, हे ज्या भागात सिद्ध झाले त्याच भागात, चाळीस वर्षांपूर्वी, दोन वर्षे आरोग्यधामांतून फिरवलेल्या त्या रुग्णाने अखेरचा श्वास घेतला होता. तांबरमचे रुग्णालय मात्र टिकले; १९९० च्या दशकात, इतरत्र दारे बंद होत असताना, एड्सच्या रुग्णांना आश्रय देणारे ते देशातील एक प्रमुख केंद्र झाले.

चरित्रकाराने वैद्य व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु ज्या शरीराने ते कर्तृत्व घडविले, त्याच्या पाण्याची, हवेची, अन्नाची आणि संसर्गाची चौकशी करणे हे वंशवृक्ष तपासण्याइतकेच त्याचे काम आहे. भारतीय भाषांतील चरित्रवाङ्मयाने हे काम फारसे केलेले नाही. आपल्याकडे आजार दैव म्हणून येतो आणि मृत्यू अलंकार म्हणून. रामानुजन यांनी जानेवारी १९२० मध्ये हार्डी यांना आपल्या नव्या फलनांविषयी कळविले, आणि ज्वर चढत-उतरत असताना अंथरुणात बसून ते सूत्रे लिहीत राहिले. ती सुटी पाने १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटीच्या ग्रंथालयात सापडली. त्यांवर सहाशेहून अधिक सूत्रे आहेत आणि गणिती आजही त्यांचा अभ्यास करीत आहेत. योग्य निदान आणि काही टोचण्या मिळत्या तर त्या पानांपुढे आणखी किती पाने असती, याचा हिशेब मांडता येत नाही. मात्र तो प्रश्न विलायतेच्या थंडीला विचारून भागणार नाही. तो पिण्याच्या पाण्याला आणि निदानाच्या शास्त्राला विचारावा लागेल, आणि त्या दोन्हींची जबाबदारी माणसांची असते.